‘काल का नाही आलात?’ : नुकत्याच निवृत्त झालेल्यांसाठी

निरोपसमारंभाची शाल घडी होऊन कपाटात गेली, की पहिले काही आठवडे मजेत जातात. उशिरा उठणं, दुसरा चहा, पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. बँकेची राहिलेली कामं होतात, माळा आवरून होतो. मग एखाद्या सोमवारी सकाळी दहा वाजता लक्षात येतं, की आज आपण कुठेच गेलो नाही तरी कुणाचं काही अडणार नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घालायला येणारी माणसं या सोमवारनंतर सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दोन वर्षांनी येतात. काहींना सून किंवा मुलगी हाताला धरून आणते, आणि तोवर माणूस घराला चिकटलेला असतो.

मी डोंबिवलीत राहते. पोस्टात ३४ वर्षं काढली आणि आता संघाची चिटणीस आहे. नवा सभासद अर्ज भरताना हमखास विचारतो, ‘मेंदू तल्लख राहायला काय करू? सुडोकू सोडवू का?’ सोडवा, वाईट काही नाही. पण तुम्ही आलात काय, न आलात काय, सुडोकूला सारखंच. नोकरीत असताना दोन दिवस दिसला नाहीत तर कुणीतरी विचारायचं, ‘काल का नाही आलात?’ पगाराच्या जागी पेन्शन येतं, या प्रश्नाच्या जागी काहीच येत नाही. पुढचे टप्पे तो प्रश्न परत मिळवण्याचे आहेत. क्रम पाळा, कारण पहिले दोन टप्पे लोक टाळतात आणि मग तिसऱ्यावर अडकतात.

टप्पा १ : पंधरा दिवसांची वही

दोनशे पानी नको, नातवाची उरलेली वही चालेल. रोज रात्री दोन रकाने भरायचे. पहिल्यात, आज घराबाहेरच्या कुणाशी पाच मिनिटांहून जास्त बोललो त्याचं नाव. वॉचमनला ‘लिफ्ट चालू आहे का’ विचारलं ते धरायचं नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात तर अजिबात नाही. दुसऱ्या रकान्यात, आज असं काय केलं जे मला अजून नीट येत नाही.

काउंटरवर रोज शंभरेक माणसांशी बोलणारी बाई मी. माझ्या वहीत पंधरा दिवसांत चार नावं निघाली, त्यांतलं एक दोनदा. दुसरा रकाना कोरा. वाईट वाटून घेण्यासाठी ही वही नाही. कुठली भोकं बुजवायची आहेत ते कळावं म्हणून आहे. कुणाची नावं भरपूर असतात पण दुसरा रकाना रिकामा, कुणाचं उलट. आमचे एक सभासद दिवसाला दोन पुस्तकं संपवायचे आणि आठवडाभर कुणाशी बोलायचे नाहीत.

टप्पा २ : कान, डोळे आणि रक्त

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणूनच दुसरा ठेवलाय.

आमचे हे लग्नकार्याला यायचे बंद झाले. आधी ‘पाय दुखतात’, मग ‘तिथे फार गोंगाट असतो’. नातेवाइकांत बोलणं सुरू झालं की भाऊजींना हल्ली गर्व झालाय, विचारलेल्याचं उत्तरही देत नाहीत. खरी गोष्ट अशी, की एका दहाव्याला कुणीतरी ह्यांना काहीतरी सांगितलं, ते ऐकूच आलं नाही, आणि ह्यांनी सवयीने हसून मान डोलावली. समोरच्याचा चेहरा पाहिल्यावर चूक कळली. त्यानंतर माणसांत जाणंच नको झालं. आम्ही दीड वर्ष हा स्वभावातला बदल समजत होतो. होता तो कानातला.

यंत्र घेतल्यावरही सहा महिने ते रिमोटच्या जुन्या सेलशेजारी खणात पडून होतं, कारण पहिल्याच दिवशी कानात घालून ते भाजी बाजारात गेले. तसं करू नका. पहिला आठवडा घरात, शांत खोलीत, रोज दोन तास. चमच्यांचा आवाज आणि कुकरची शिट्टी अंगावर येईल, ते होतंच. मग एका माणसाशी बोलणं, मग चौघांत, बाजार सगळ्यात शेवटी. मधल्या काळात यंत्र जुळवून घ्यायला दोन-तीन फेऱ्या मारायची तयारी ठेवा.

यावर इतकं लिहिते कारण कान आणि डोकं यांचा संबंध आपण समजतो त्याहून जवळचा आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी जोडलेल्या, पण ज्यांच्यावर इलाज करता येतो अशा १४ गोष्टींची यादी दिली. त्या सगळ्यांवर काम झालं तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशोब आहे. यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान ही ओळखीची मंडळी आहेतच. शिवाय कमी ऐकू येणं, उपचार न केलेली अधू नजर, नैराश्य आणि एकटेपणा हेही आहेत. या चारही गोष्टी एकमेकींचा हात धरून येतात, हे मी घरातच पाहिलं.

तेव्हा कानांची तपासणी, मोतीबिंदू आहे का ते पाहणं, रक्तदाब, साखर, थायरॉईड आणि बी-१२. शेवटच्या दोन्हींत गडबड असली तरी विसरायला होतं, सुस्ती येते, आणि माणूस समजतो की म्हातारपण आलं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता पुष्कळ दिसते. रिपोर्ट घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि घरात जेवढ्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या पिशवीत घालून सोबत न्या, शेजाऱ्याने सुचवलेली झोपेची गोळी धरून. काही औषधांनीही डोकं जड राहतं.

टप्पा ३ : एक जागा, एक वार, एक वेळ

‘जाऊ कधीतरी’ म्हणणारा माणूस जात नाही. वार आणि वेळ ठरलेली जागा शोधा.

ज्येष्ठ नागरिक संघ महाराष्ट्रात बहुतेक शहरांत आणि आता बऱ्याच तालुक्याच्या गावांतही आहेत. त्यांचा राज्यपातळीवरचा महासंघ फेस्कॉम या नावाने ओळखला जातो. पत्ता सापडत नसेल तर नगरसेवकाच्या कचेरीत किंवा बागेत सकाळी बाकावर बसलेल्या मंडळींना विचारा, दुसरा मार्ग जास्त खात्रीचा. काही महापालिकांनी विरंगुळा केंद्रं बांधली आहेत, तिथे कॅरम, पेपर, बसायला जागा मिळते. वर्गणी किरकोळ असते.

पहिल्या दिवशी काय करायचं, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दाराजवळच्या खुर्चीवर बसू नका, तिथून उठून जाणं फार सोपं असतं. तुम्ही कोणत्या हुद्द्यावरून निवृत्त झालात ते पहिल्या दहा मिनिटांत सांगू नका. तिथे एक माजी उपअभियंता, दोन मुख्याध्यापक आणि एक तहसीलदार आधीपासून बसलेले असतात आणि त्यांचं एकमेकांना सांगून झालेलं असतं. आणि निघताना चिटणिसाला विचारा, ‘मी काय करू?’ पद मागू नका, काम मागा. खुर्च्या मांडणं, चहाचे कप मोजणं, वाढदिवसांची यादी ठेवणं, सहलीचे पैसे गोळा करणं. पद मागणाऱ्यांचे दोन गट पडतात आणि वार्षिक सभेत माइकवरून भांडणं होतात, याची मी साक्षीदार आहे. ज्याच्याकडे चहाच्या कपांचा हिशोब असतो, त्याची मात्र सगळे वाट पाहतात.

आमच्याकडे हजेरीची वही आहे. लागोपाठ दोन बैठका चुकवणाऱ्याला फोन जातो. मागे एका काकांना असाच फोन केला. बरं नाही का म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘मागच्या वेळी गाणं म्हणताना दुसरं कडवं आठवलंच नाही. लाज वाटली.’ पुढच्या बैठकीला एका बाईंनी मोठ्या अक्षरांत ते गाणं कागदावर लिहून आणलं आणि सगळ्यांनाच वाटून दिलं, म्हणजे एकट्याला दिल्यासारखं व्हायला नको. काका आता दर बैठकीला गातात. ऐकवत नाही, पण गातात.

संघ मानवला नाही तर तिथेच थांबायला हवं असं नाही. भजनी मंडळ घ्या. हरिपाठाला टाळ धरायचा, चाल लक्षात ठेवायची, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवायचा, यात स्मरण, हात, श्वास आणि सोबत एकदमच येतात. देवाधर्माचं नको असेल तर गावातलं वाचनालय पाहा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा ठिकाणी पुस्तकांना क्रमांक घालायला, फाटकी पानं चिकटवायला माणसं हवीच असतात. हास्यक्लबला लोक नावं ठेवतात. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच माणसांना घेऊन तो सुरू केला, तेव्हाही ठेवली असणार. खोटं हसल्याने काय होतं यावर मी वाद घालत नाही. पण सकाळी साडेसहाला वीस माणसं तुमची वाट पाहतात, एवढं मला पुरेसं आहे.

एक गोष्ट बायकांसाठी. गृहिणीला निवृत्तीची तारीख नसते. नवरा घरी बसला की तिचं काम उलट वाढतं, त्याचा अकराचा चहा आणि चारचं खाणं नव्याने सुरू होतं. ज्यांनी जन्मभर नोकरी केली नाही अशा बाईंना मी आधी एवढंच सांगते, की आठवड्यातून एक दुपार दोन तास घराबाहेर, आणि त्या दोन तासांत चहा ज्याचा त्याने करायचा. पहिले तीन आठवडे घरून फोन येतात, ‘साखरेचा डबा कुठे आहे?’ उत्तर द्या आणि बसून राहा.

टप्पा ४ : जे येत नाही ते शिका

वहीतला दुसरा रकाना इथे भरायचा.

मोबाइलवरचे मेंदूचे खेळ खेळून माणूस मुख्यतः त्या खेळात तरबेज होतो. शब्दकोडं तीस वर्षं सोडवणाऱ्याला ते श्वासासारखं झालेलं असतं. नवं शिकताना जो अवघडलेपणा येतो, आपण मठ्ठ आहोत असं वाटतं, त्या जागी जायला हवं. चित्र, तबला, कन्नड, पोहणं, काहीही. मी मोडी शिकले.

मोडी निवडायचं कारण अगदी साधं होतं. सासऱ्यांच्या ट्रंकेत जमिनीचे काही कागद होते आणि घरात कुणालाच ते वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत आपला कागदोपत्री व्यवहार या लिपीत चालायचा, त्यामुळे पुष्कळ घरांत असे कागद असतात. भाषा आपलीच, लिपी अनोळखी, म्हणजे शिकायला बरोबर मधली पायरी. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था मोडीचे वर्ग घेतात.

सुरुवात अशी करा. पहिला आठवडा फक्त शिरोरेषा आणि दहा अक्षरं. मोडीत आधी आडवी रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हात शक्यतो न उचलता. रोज वीस मिनिटं, जास्त नको. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाराखडी, मग स्वतःचं नाव, पत्ता, वाण्याची यादी मोडीत लिहा. साधारण चौथ्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटेल. कारण लिहिणं जमायला लागतं पण जुना कागद समोर आला की काही कळत नाही. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. इथे जोडीदार लागतो. एक जण ‘हे बहुतेक मौजे आहे’ म्हणतो, दुसरा ‘नाही, मोजे’, आणि अर्धा तास त्यावर जातो. माझ्या मते मोडीचा खरा फायदा हा भांडणाचा अर्धा तास आहे. ट्रंकेतले कागद शेवटी वाचून झाले. त्यांत जमीन नव्हती, उसनवारीच होती.

‘आता या वयात?’ म्हणणाऱ्यांसाठी मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आहे. तिथे योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ते नव्वदीतल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या. सही करता यावी, पोथी वाचता यावी, एवढंच त्यांना हवं होतं. महर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजातून १९१४ मध्ये निवृत्त झाले, महिला विद्यापीठ काढलं ते त्यानंतर, १९१६ मध्ये, ५८ व्या वर्षी. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्यांनी ऐकलेली असणारच. अर्थात कर्व्यांचं उदाहरण देऊन कुणाला लाजवायचं नाही. फांगण्याच्या आज्या मला जास्त जवळच्या वाटतात.

निव्वळ शिकूनही भागत नाही, हेही खरं. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर ‘फिंगर’ नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, डोक्याला सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांची विचार-स्मरणशक्ती बरी राहिली. आपल्याकडे आज्या म्हणायच्या की एका डाळीने आमटी होत नाही, तसलं काहीतरी.

टप्पा ५ : फोन बोलण्यासाठी वापरा

रोज एक फोन. निरोप नाही, चित्र नाही, फोन. जुन्या कचेरीतला सहकारी, वर्गमैत्रीण, चुलत नणंद. यादी करून ठेवा, कारण ऐनवेळी कुणी आठवत नाही. ‘सहज केला’ म्हणायला अवघड वाटत असेल तर एखादी कृती विचारा किंवा एखाद्याचा पत्ता. मुलं परदेशी असतील तर व्हिडिओ कॉलचा वार ठरवा आणि नातवाकडे दर वेळी एक प्रश्न न्या, ‘कसा आहेस’ हा सोडून. तिकडे सहा महिने राहायला जाणार असाल तर निघायच्या आधीच तिथल्या महाराष्ट्र मंडळाची चौकशी करा. गाडी चालवता येत नसली की मुलगा ऑफिसला गेल्यावर खिडकीतून बर्फ पाहण्यापलीकडे काही उरत नाही, हे इथून जाऊन आलेले सांगतात.

याच टप्प्यात सावधगिरीचं. एकट्या माणसाला कुणीही गोड बोललेलं बरं वाटतं, आणि ठग नेमके तेच हेरतात. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, बँक ओटीपी विचारत नाही. कुणी ‘हे कुणाला सांगू नका’ म्हणालं की त्याच क्षणी फोन ठेवून शेजाऱ्याला सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा, जितक्या लवकर तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. आमच्या संघात एकदा फसलेल्या सभासदाने स्वतः उभं राहून सगळा किस्सा सांगितला. त्या अर्ध्या तासाने जे काम केलं ते दहा भिंतीपत्रकांनी केलं नसतं.

टप्पा ६ : पाय

थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम सांगते. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशी ती चाल. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काही, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. तोलासाठी ओट्याला हात टेकून एका पायावर दहा आकडे मोजा. पडण्याच्या भीतीने माणूस घरात बसतो आणि घरात बसल्याने पाय आणखी कच्चे होतात, म्हणून हे सोडू नका. गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालायला सोबत घ्या, म्हणजे पावसाची सबब चालत नाही.

एसटीचा लाभही घ्या. ६५ ते ७५ वयापर्यंत अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाल्यावर २०२२ पासून प्रवास फुकट, आणि बायकांना २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. आमच्या चौघीजणी दर महिन्याला एक नवं गाव पाहून संध्याकाळी परत येतात. डबा सोबत, ठरवाठरवी बसथांब्यावर.

टप्पा ७ : विसरणं कधी मनावर घ्यायचं

नटाचं नाव आठवलं नाही आणि रात्री जेवताना एकदम आठवलं, याला घाबरू नका. नेहमीच्या रस्त्यावरून घर सापडेना, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारला, जन्मभर केलेल्या पुरणपोळीचा क्रम चुकायला लागला, पैशांचे हिशोब अचानक जमेनासे झाले, तर डॉक्टरांकडे जायचं, आणि ज्याने हे पाहिलं त्याला बरोबर न्यायचं. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत निघाला. म्हणजे तो सगळ्यांना होत नाही, आणि तो म्हातारपणाचा साधा भागही नाही.

दोन-तीन आठवडे कशातच मन लागत नाही, झोप उडाली, जेवण नको, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं, तर तो आळस नव्हे आणि नाटकही नव्हे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६, तिथे रात्रीही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, पेन्शन, कायदा, छळ, कुठल्याही अडचणीसाठी. दोन्ही क्रमांक फुकट आहेत. मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा.

वही पंधरा दिवसांनी बंद करू नका. तीन महिन्यांनी पुन्हा पंधरा दिवस भरा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

आणि आमच्याकडे किंवा तुमच्या जवळच्या संघात अर्ज भरायला जाताना दोन फोटो, आधारची प्रत आणि वाचायचा चष्मा न्या. चष्मा विसरणारे इतके आहेत, की आमच्या टेबलाच्या खणात वेगवेगळ्या नंबरांचे तीन जुने चष्मे ठेवलेत. त्यांतला मधला बहुतेकांना चालतो.